पहिल्या श्वासाआधीचं औषध

ऑकलंडचे प्रसूतितज्ज्ञ ग्रॅहॅम लिगिन्स १९६०च्या दशकात मेंढ्यांवर प्रयोग करत होते, ते कळा कशामुळे सुरू होतात हे शोधायला. पोटातल्या कोकराला स्टेरॉइड दिलं की मेंढी लवकर विते, एवढं त्यांना दिसलं. खरं नवल पुढे होतं. इतक्या कमी दिवसांची कोकरं जन्मताच दगावायला हवी होती. ती श्वास घेत होती.

कमी दिवसांचं बाळ श्वासासाठी का झगडतं, हे तोवर कळलं होतं. फुप्फुसातले वायुकोश आतून ओले असतात आणि त्या ओलाव्याचा पृष्ठताण त्यांना मिटवू पाहतो. सर्फॅक्टंट हा स्निग्ध पदार्थ तो ताण कमी करतो. तो पुरेसा तयार होण्याआधी जन्मलेल्या बाळाला प्रत्येक श्वास पहिल्या श्वासाइतकाच जड जातो. छाती आत ओढली जाते, नाकपुड्या फुलतात, बाळ कण्हू लागतं. बोस्टनमध्ये मेरी एलन एव्हरी आणि जेरे मीड यांनी १९५९मध्ये हे दाखवून दिलं. तरी इलाज नव्हता. १९६३मध्ये अमेरिकेचे अध्यक्ष केनेडी यांचा साडेपाच आठवडे आधी जन्मलेला मुलगा ३९ तासांत गेला.

इलाज हळूहळू आले. जॉर्ज ग्रेगरी यांनी १९७१मध्ये सीपॅप मांडला. हवेचा हलका दाब सतत ठेवला की वायुकोश पूर्ण मिटत नाहीत. बबल सीपॅपमध्ये तर नळीचं टोक पाण्यात जितके सेंटिमीटर बुडवावं, साधारण तितका दाब मिळतो. १९८०मध्ये जपानच्या तेत्सुरो फुजिवारा यांनी गाईच्या फुप्फुसापासून केलेलं सर्फॅक्टंट दहा बाळांच्या श्वासनळीत सोडलं. हे औषध अमोल आहे, आणि महागही.

मला मात्र सर्वांत मोलाचं वाटतं ते आईला द्यायचं त्याच स्टेरॉइडचं स्वस्त इंजेक्शन. लिगिन्स आणि रॉस हॉवी यांनी १९७२मध्ये २८२ मातांवरच्या चाचणीचे निष्कर्ष छापले. उपचार मिळालेल्या गटात पहिल्या आठवड्यातले बालमृत्यू ३.२ टक्के, दुसऱ्या गटात १५ टक्के. इतका स्पष्ट पुरावा असूनही अमेरिकेतल्या तज्ज्ञांची ठाम शिफारस यायला १९९४ उजाडलं. वैद्यकीय पुरावे तपासणाऱ्या कॉक्रेन संस्थेच्या बोधचिन्हातल्या आडव्या रेषा याच उपचाराच्या चाचण्यांच्या आहेत. त्या पाहिल्या की मधल्या काळात गेलेली बाळं आठवतात आणि राग येतो.

पण औषध नुसतं पोहोचवून भागत नाही. २०१५मध्ये सहा देशांतल्या एका मोठ्या चाचणीचे निकाल आले. त्यात नागपूर आणि बेळगावचा परिसरही होता. गावपातळीपर्यंत इंजेक्शन दिलं, तरी लहान बाळांचे मृत्यू घटले नाहीत. एकूण नवजात मृत्यू थोडे वाढलेच. इंजेक्शन मिळालेल्या बऱ्याच बायकांची बाळं मुळात लहान नव्हतीच. २०२०मध्ये भारतासह पाच देशांतल्या रुग्णालयांत चित्र उलटं दिसलं. तिथे सोनोग्राफीने दिवस नक्की केले होते, बाळाच्या देखभालीची सोय होती, आणि इंजेक्शन दिलेल्या दर २५ मातांमागे एक बाळ जास्त वाचलं.

डेक्सामेथासोन या स्टेरॉइडचे सहा मिलिग्रॅमचे चार डोस, बारा-बारा तासांनी, औषध एवढंच. ते कुणाला द्यायचं हे ठरतं गरोदरपणाच्या सुरुवातीच्या सोनोग्राफीवर आणि माता-बाल कार्डावर नीट लिहिलेल्या पाळीच्या तारखेवर. आपल्या कित्येक पाड्यांवर ही सोनोग्राफी वेळेत होत नाही. व्हेंटिलेटरच्या खरेदीइतकीच निकड या तपासणीची आहे, आणि ती आधी व्हायला हवी.