एंडोमेट्रिओसिस : मंडईतील कष्टकरी स्त्री आणि वेदनेचे निदान

पुण्याची महात्मा फुले मंडई १८८६ पासून भाजीबाजाराचे केंद्र आहे. येथे भाजी विकणाऱ्या स्त्रीला पाळीच्या दिवसांत गाळा बंद ठेवणे परवडत नाही. त्या दिवसाची कमाई बुडते. त्यामुळे वेदना सोसणे हा तिच्या कामाचाच भाग ठरतो. या सोसण्याआड दडणाऱ्या एंडोमेट्रिओसिस या आजाराचा परिचय प्रस्तुत लेखात करून दिला आहे.

या आजारात गर्भाशयाच्या अस्तरासारखी ऊती बीजांडकोश, ओटीपोटाचे आवरण, क्वचित आतडे येथे वाढते. पाळीच्या चक्रातील संप्रेरकांना तीही प्रतिसाद देते. परिणामी तेथे दाह होतो व अवयव एकमेकांस चिकटू लागतात. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार प्रजननक्षम वयातील सुमारे १० टक्के स्त्रियांना हा आजार असतो. तरीही 'मूल झाले की थांबेल' या घरगुती सल्ल्यामुळे निदान अनेक वर्षे लांबते. मूल होत नाही म्हणून तपासणीस गेल्यावरच अनेकींना आजाराचे नाव कळते, ही यातील विसंगती होय.

काम सुचू नये इतके दुखणे, शरीरसंबंधाच्या किंवा शौचाच्या वेळी होणाऱ्या वेदना डॉक्टरांना संकोच न बाळगता सांगाव्यात. सोनोग्राफीत काही आढळले नाही, म्हणजे आजार नाही असे सिद्ध होत नाही. वेदनाशामके व संप्रेरके यांनी त्रास आटोक्यात ठेवता येतो. गरजेनुसार दुर्बिणीद्वारे शस्त्रक्रिया करतात. समूळ बरे करणारे औषध अद्याप नाही. गर्भाशय काढणे हाही सरसकट उपाय नव्हे.

मंगळवार पेठेतील महापालिकेचे कमला नेहरू रुग्णालय व पुणे स्टेशनजवळील ससून रुग्णालय येथे स्त्रीरोग विभाग आहेत. मात्र तपासणीस अर्धा दिवस जातो. तेवढा वेळ शेजारणीने गाळा सांभाळला, तरच तिला तेथे जाता येते.