झडपेची परीक्षा



आमचें सोयगांव अजिंठ्याच्या डोंगररांगेच्या पायथ्याशीं आहे. माझ्या लहानपणीं आगगाडी पाहावयाची म्हणजे शेंदुर्णीस जावें लागे. पाचोऱ्याहून जामनेरला जाणारी अरुंद रुळांची गाडी तेथें थांबत असे. गाडी स्थानकांत उभी असतां इंजिनाच्या पाठीवरून एकाएकीं पांढऱ्या वाफेचा लोट मोठा आवाज करीत उसळे आणि आम्ही मुलें दचकून वडिलांचा हात धरीत असूं. वडील म्हणत, "वाफ बाहेर पडते आहे तोंवर भिऊं नका. ती पडावयास हवी असून पडली नाहीं, तर भ्यावें."

पुढें मी शिक्षक झालों. एके दिवशीं वर्गांत वाफेच्या इंजिनाचा धडा चालला होता. मीं फळ्यावर बॉयलर काढला, त्यावर सुरक्षा-झडप काढली आणि सांगितलें कीं, दाब वाढला म्हणजे ही झडप उघडते व धोका टळतो. मागच्या बांकावरील एका मुलीनें विचारलें, "गुरुजी, उघडते हें कशावरून?" मीं म्हटलें, "तशी ती केलेलीच असते." मुलगी मुकाट्यानें खालीं बसली. परंतु तें उत्तर नव्हे, हें मला त्याच क्षणीं कळून चुकलें होतें.

त्या प्रश्नाचें उत्तर आज देण्याचा विचार आहे. मी कांहीं अभियंता नव्हे. मॅट्रिकपर्यंत शिकलेला एक शाळामास्तर आहें. पण निवृत्तीनंतर वाचनास सवड मिळाली, आणि तेव्हां दिसून आलें कीं, त्या मुलीचा हा प्रश्न सर्वांत कसोशीनें जेथें विचारावा लागतो, तें ठिकाण म्हणजे अणुवीज केंद्र होय.

प्रथम स्वयंपाकघरांत जाऊं. आपल्या घरांतील कुकर हा एक लहानसा बॉयलरच आहे. १६७९ सालीं डेनी पापँ या फ्रेंच गृहस्थानें लंडनच्या रॉयल सोसायटीस असेंच बंद भांडें दाखविलें होतें. तें फुटूं नये म्हणून वजनानें दाबून धरलेल्या झडपेची युक्तीहि त्याचीच. आपल्या कुकरची शिटी म्हणजे तेंच वजन. वाफेचा दाब वजनाहून वरचढ झाला कीं शिटी उचलली जाते आणि जास्तीची वाफ निघून जाते. परंतु झांकणावर आणखी एक लहानशी गुंडी असते, ती आपण पाहिलीच असेल. डाळीचा दाणा शिटीच्या नळींत अडकला आणि वाफ कोंडली, तर या गुंडींतील मऊ धातु वितळून वाफेस दुसरी वाट मोकळी होते. म्हणजे साध्या कुकरच्या कर्त्यानेंहि, पहिला रक्षक दगा देईल तर काय, हा विचार करून ठेविलेला आहे.

आतां तारापूरकडे वळूं. आपल्या पालघर जिल्ह्यांत समुद्रकांठीं भारताचें पहिलें अणुवीज केंद्र १९६९ च्या ऑक्टोबरांत रीतसर वीज देऊं लागलें. तेथील पहिल्या दोन अणुभट्ट्या उकळत्या पाण्याच्या जातीच्या आहेत. भट्टीच्या पोलादी पात्रांतच पाणी उकळतें आणि तीच वाफ चक्राकडे जाते. पुढें २००५ व २००६ सालीं तेथेंच प्रत्येकीं ५४० मेगावॅट विजेच्या, जड पाण्याच्या दोन मोठ्या भट्ट्या सुरू झाल्या. उकळत्या पाण्याच्या भट्टींत वाफेचा दाब हवेच्या दाबाच्या सुमारें सत्तरपट असतो. कुकरांत तो हवेच्या दाबाच्या दुपटीपर्यंत जातो, एवढें सांगितलें म्हणजे फरक ध्यानांत येईल.

परंतु खरा भेद दाबाचा नसून उष्णतेचा आहे. कुकर फार तापला तर आपण गॅस बंद करतों आणि उष्णतेचा उगम तेथेंच संपतो. अणुभट्टीचें तसें नाहीं. भंजनाची क्रिया थांबविली, तरी इंधनांत सांठलेले किरणोत्सर्गी पदार्थ उष्णता देतच राहतात. बंद केल्याक्षणीं ही उष्णता पूर्ण शक्तीच्या सुमारें सहा टक्के असते, तासाभरानें दीड टक्क्यापर्यंत उतरते, आणि दुसऱ्या दिवशींहि सुमारें अर्धा टक्का उरते. सहा टक्के म्हणजे थोडें वाटेल. पण ५४० मेगावॅट विजेच्या भट्टीची एकंदर उष्णता सुमारें १,७०० मेगावॅट असते. तिचे सहा टक्के म्हणजे शंभर मेगावॅट, आणि तेवढ्या उष्णतेनें चुलीवरील उकळतें पाणी दर सेकंदास चाळीस किलोहून अधिक वाफ होऊन जाईल! ही चूल फुंकर घालून विझत नाहीं. म्हणून तिच्यावरील झडपेस एकदां उघडून भागत नाहीं. तिला पुनःपुन्हां उघडावें लागतें आणि पुनःपुन्हां मिटावें लागतें.

तर मग झडप पुरेशी आहे, हें ठरवावयाचें कसें? माझ्या समजुतीप्रमाणें या परीक्षेंत चार प्रश्न असतात.

पहिला प्रश्न मापाचा. वाफेची रोजची वाट एकाएकीं बंद झाली, तर मिनिटास किती वाफ सांठेल, आणि झडपा तितकी बाहेर सोडूं शकतील काय? हा हिशेब चांगल्या दिवसाचा करावयाचा नसतो, वाईट दिवसाचा करावयाचा असतो. उकळत्या पाण्याच्या भट्टीसाठीं असें धरून चालतात कीं, चक्राकडे जाणारे सर्व वाफेचे मार्ग एकदम मिटले, आणि भट्टी बंद करण्याचा जो पहिला संकेत मिळावयाचा तो मिळालाच नाहीं. अशा वेळींहि दाब, पात्रासाठीं ठरविलेल्या मर्यादेच्या दहा टक्क्यांहून अधिक वर जातां कामा नये. समजा, मिनिटास शंभर माप वाफ निघावयाची आहे, आणि प्रत्येक झडप पन्नास माप सोडते. शाळेंतील मुलगा म्हणेल, दोन झडपा पुरे. तारतम्य असलेला अभियंता म्हणेल, तीन हव्यात. कारण एक उघडली नाहीं तर? शिवाय अमेरिकी संहितेप्रमाणें, प्रयोगांत मोजलेल्या क्षमतेंतून दहावा हिस्सा वजा करूनच उरलेली क्षमता हिशेबांत धरतात.

दुसरा प्रश्न वेळेचा. ठरलेल्या दाबासच झडप उघडते काय? झडपेची तबकडी स्प्रिंगनें बैठकीवर दाबून धरलेली असते. वर्षानुवर्षें ती तशीच उष्णतेंत व वाफेंत बसून राहते. तबकडी आणि बैठक यांच्यामध्यें गंजाचा सूक्ष्म थर धरला, तर दोन्ही चिकटतात आणि झडप उशिरां उघडते. म्हणून ठराविक काळानें ती काढून, दाब देऊन पाहावी लागते. येथें एक मार्मिक नियम आहे. झडप भट्टीवरून उतरविली कीं पुसण्याघासण्यापूर्वीं, आहे त्याच स्थितींत, तिची पहिली चांचणी घ्यावयाची. शिक्षकांस यांतील मर्म सहज कळेल. परीक्षेपूर्वीं उत्तर घोकवून घेतलें, तर विद्यार्थ्यास किती येत होतें हें कधींच कळणार नाहीं. अमेरिकी संहितेप्रमाणें अशा मुख्य झडपांपैकीं प्रत्येकीची पांच वर्षांत एकदां तरी परीक्षा व्हावी लागते. आणि एक नापास झाली, तर तिच्या जातीच्या आणखी दोन झडपा तपासाव्या लागतात.

तिसरा प्रश्न मिटण्याचा. उघडलेली झडप दाब उतरल्यावर पुन्हां घट्ट बसते काय? आणि चौथा प्रश्न परिस्थितीचा. शुद्ध वाफेवर उत्तीर्ण झालेली झडप, वाफेऐवजीं पाणी किंवा पाणी आणि वाफ यांचें मिश्रण आलें, तर टिकेल काय? पाणी जड असतें. वाफेसाठीं केलेली झडप त्याच्या माऱ्यानें थडथड आपटूं लागते आणि तिची बैठक बिघडूं शकते. झडपेपुढील नळी अरुंद वा वळणाची असेल, तर तिच्यांत तुंबणारा दाबहि झडपेस मागें लोटतो. म्हणजे झडप एकटी उत्तीर्ण होऊन उपयोगी नाहीं. जेथें ती बसावयाची तेथील नळीसह तिचा विचार झाला पाहिजे.

या शेवटच्या दोन प्रश्नांकडे जगानें पुरेसें लक्ष दिलें नव्हतें. त्याची किंमत १९७९ सालीं मोजावी लागली. अमेरिकेंतील पेनसिल्व्हेनिया प्रांतांत थ्री माइल आयलंड येथें २८ मार्चच्या पहांटे चार वाजतां पाण्याचे पंप बंद पडले आणि भट्टीचा दाब वाढला. दाब उतरविणारी झडप वेळेवर उघडली. भट्टीहि बंद झाली. येथवर सर्व कांहीं ठरल्याप्रमाणें झालें. परंतु दाब उतरल्यावर झडप मिटली नाहीं. नियंत्रण-कक्षांतील दिवा पाहून कामगारांस वाटलें कीं, ती मिटली आहे. वास्तविक तो दिवा झडपेची स्थिति सांगतच नव्हता; मिटण्याचा हुकूम गेला आहे, एवढेंच तो सांगत होता. हुकूम गेला म्हणजे तो पाळला गेला असें नव्हे, हें घरांतील प्रत्येक माणसास ठाऊक असतें; पण त्या दिव्यास ठाऊक नव्हतें. त्यांतच एक पातळीदर्शक यंत्र पाणी भरपूर असल्याचें दाखवीत होतें, म्हणून कामगारांनीं आपण होऊन येणारें पाणी कमी केलें. दोन तासांहून अधिक काळ भट्टीचें पाणी त्या वाटेनें निघून जात होतें. शेवटीं त्या मार्गावरील दुसरी झडप बंद करण्यांत आली, पण तोंवर फार उशीर झाला होता. भट्टीच्या गाभ्याचा सुमारें अर्धा भाग वितळला.

याहून मन विषण्ण करणारी गोष्ट निराळीच आहे. दीड वर्षापूर्वीं, १९७७ च्या सप्टेंबरांत, ओहायो प्रांतांतील डेव्हिस-बेसी केंद्रांत तशीच झडप तशीच उघडी राहिली होती. तेथें ती वेळींच ध्यानांत आली व अनर्थ टळला. परंतु तो अनुभव दुसऱ्या केंद्रांतील कामगारांपर्यंत नीटसा पोंचलाच नाहीं. एका वर्गांत झालेली चूक दुसऱ्या वर्गास सांगितली गेली नाहीं, आणि दुसरा वर्ग त्याच प्रश्नावर नापास झाला.

त्यानंतर मात्र डोळे उघडले. अमेरिकेच्या अणुनियंत्रण आयोगानें १९८० सालीं फर्मान काढलें कीं, अशा झडपा वाफ, पाणी आणि दोहोंचें मिश्रण या तिन्ही अवस्थांत प्रत्यक्ष प्रयोगानें तपासल्या पाहिजेत, आणि झडप खरोखर उघडी आहे कीं मिटलेली, हें नियंत्रण-कक्षांत निश्चितपणें कळलें पाहिजे. आपल्या देशांत १९८३ च्या नोव्हेंबरांत अणुऊर्जा नियामक परिषद स्थापन झाली. अणुवीज केंद्र चालविण्याचा परवाना कायमचा नसतो. मुदत संपली कीं नव्यानें तपासणी होऊनच तो पुढें चालतो. हें योग्यच आहे. साठ वर्षांच्या माणसास विसाव्या वर्षींच्या प्रकृतीचा दाखला दाखवून भागत नाहीं. यंत्राचेंहि तसेंच आहे.

कोणी म्हणेल, या गोष्टी तज्ज्ञांनीं पाहाव्यात. आम्हां संसारी माणसांस त्यांचें काय? मला तसें वाटत नाहीं. वीज आपल्या घरांत येते आणि भट्टीच्या आसपास आपल्यासारखींच कुटुंबें राहतात. झडपेचें गणित आपणांस करतां येणार नाहीं, पण केलें कोणीं, पाहिलें कोणीं आणि मागील चुका सांगितल्या कोणास, हें विचारण्यास गणित लागत नाहीं. असा प्रश्न विचारणें म्हणजे अविश्वास दाखविणें नव्हे. परीक्षक उत्तरपत्रिका तपासतो ती विद्यार्थ्याचा द्वेष म्हणून नव्हे.

मागच्या बांकावरील ती मुलगी आज पन्नाशीच्या घरांत असेल. कदाचित् तिच्या स्वयंपाकघरांत आतां कुकरची शिटीहि होत असेल. हें भाषण तिच्या कानीं पडलें, तर तिला एवढेंच सांगावयाचें आहे : बाळ, झडप उघडते असें म्हणावयाचें, तें ती काढून, दाब देऊन, उघडतांना आणि मिटतांना पाहिलेली असते म्हणून. जेथें तसें कोणी पाहिलेलें नसेल, तेथें तुझ्या प्रश्नास माझ्यापाशीं अजूनहि उत्तर नाहीं.