विमानाच्या इंजिनातील थंड तेल

चेन्नईच्या दक्षिणेस समुद्राजवळ वसलेल्या सिरुसेरीस कडाक्याची थंडी ठाऊक नाही. तरीही तेथील आकाशात उडणाऱ्या लहान विमानास थंडी गाठतेच. उंची १ किलोमीटरने वाढली की हवेचे उष्णतामान सरासरीने ६.५ अंश सेल्सिअस उतरते. म्हणून जमिनीवर ३० अंश असताना ३ किलोमीटर उंचीवर ते सुमारे १० अंशच भरते. पुणे-नाशिककडील हिवाळ्यात तर उड्डाणापूर्वीच तेल गार व दाट झालेले असते.

तेल अति तापू नये, हे सर्वजण जाणतात. ते पुरेसे तापलेही पाहिजे, हे मात्र पुष्कळदा ध्यानात येत नाही. १ लिटर पेट्रोल जळले असता जवळजवळ तेवढेच पाणी बाष्परूपाने निर्माण होते. त्याचा थोडा अंश दट्ट्याच्या कड्यांजवळून निसटून तेलात मिसळतो. तेल थंड राहिल्यास हे पाणी तेथेच साठते, ज्वलनातील इतर द्रव्यांशी मिळून आम्ले बनवते आणि पोलादी भागांवर गंज चढवते. विमान समुद्रकाठच्या दमट हवेत पडून राहत असेल, तर हा धोका अधिकच वाढतो.

यास्तव, तेल ७४ ते ९३ अंशांवर असताना सलग एक तास तरी उड्डाण करावे, असे लायकमिंग ही इंजिने बनवणारी कंपनी सुचवते. जमिनीवर इंजिन नुसते चालवून हे साधत नाही. थंड हवेत, उत्पादकाने मान्य केलेली पट्टी लावून तेल थंड करणाऱ्या जाळीचा काही भाग झाकतात. मात्र हवा तापताच ती काढणे अगत्याचे असते. एरवी तेल फाजील पातळ होऊन वंगणाचे काम नीट करीत नाही.