मे महिन्यातला रोजा परत येईल तेव्हा

२०२५ च्या रमजानचा पहिला रोजा रविवारी झाला. सोमवारी कॉलेजात गेलो, तर मराठी विभागातले एक सहकारी स्टाफरूममध्ये म्हणाले, "सर, यंदा तुमचे रोजे सोपे! मे महिन्यातून सुटलात." मीही हसून मान डोलावली. खरेच आहे ते. सात वर्षांपूर्वी अकोल्याच्या भर उन्हाळ्यात पावणेपंधरा तासांचा रोजा धरला होता. आता मार्चमध्ये तो तेरा तासांच्या आसपास आहे. पहाटे सहरला उठले की हवेत थोडा गारवाही असतो.

पण त्याच दिवशी घरी आलो तेव्हा मुलगी विचारत होती, "अब्बू, कूलर कधी काढायचा?" मार्चची तीन तारीख! फेब्रुवारी २०२५ हा १९०१ पासूनचा देशातला सर्वांत उष्ण फेब्रुवारी ठरल्याचे हवामान खात्याने सांगितले होते. त्या वर्षी मे पर्यंत उष्णतेच्या लाटांचे दिवसही नेहमीपेक्षा जास्त राहतील, असा अंदाज होता. रमजान उन्हाळ्यातून मागे सरकतो आहे आणि उन्हाळा रमजानच्या दिशेने पुढे येतो आहे, असे काहीसे झाले आहे.

माझे बिगरमुस्लिम मित्र नेहमी विचारतात, रमजान दरवर्षी वेगवेगळ्या ऋतूत कसा येतो? चांद्र वर्ष सुमारे ३५४ दिवसांचे. आपल्या पंचांगात साधारण तीन वर्षांनी अधिक महिना घालून सौर वर्षाशी मेळ बसवतात, म्हणून दिवाळी कधी उन्हाळ्यात येत नाही. हिजरी कालगणनेत अधिक महिना नाही. त्यामुळे रमजान दरवर्षी दहा-अकरा दिवस अलीकडे येतो आणि साधारण तेहतीस वर्षांत सगळे ऋतू फिरून पुन्हा त्याच जागी पोचतो. गंमत म्हणजे 'रमजान' हा शब्द ज्या अरबी धातूपासून आला, त्याचा अर्थच होरपळणारी उष्णता, तापलेली जमीन असा आहे.

म्हणजे प्रत्येक माणसाच्या आयुष्यात मे महिन्यातला रमजान दोनदा, फार तर तीनदा येतो. उन्हाळा किती बदलला हे मोजायला याहून सरळ पट्टी माझ्याकडे नाही. माझ्या वाट्याला तो दोनदा आला. तिसऱ्यांदा येईल तो २०५० च्या आसपास.

पहिला रोजा, १९८७

मी सात वर्षांचा होतो. मुलाच्या पहिल्या रोजाचे आमच्यात मोठे कौतुक. त्याला रोजाकुशाई म्हणतात. नवे कपडे, गळ्यात हार आणि संध्याकाळी गल्लीला इफ्तारचे बोलावणे. जुन्या शहरातले आमचे घर मातीच्या जाड भिंतींचे होते, वर धाबे, अंगणात मोठा कडुनिंब. दुपारी दोनच्या सुमारास मी रडकुंडीला आलो. दादीने पोत्याचे तरट ओले करून दाराला टांगले, मला मधल्या खोलीत निजवले आणि उशाशी बसून हातपंख्याने वारा घालत राहिली. शेजारच्या काकू दोनदा येऊन गेल्या. "लेकराला पाणी द्या हो, देव काही रागावत नाही," त्या म्हणाल्या. दादी म्हणाली, "मांगा तो दे दूँगी, बाई. मांगताच नहीं." मी खरेच मागितले नाही. माझे सगळे लक्ष संध्याकाळच्या हाराकडे होते.

त्या रात्री आम्ही सगळे अंगणात, कडुनिंबाखाली झोपलो. ऊन दिवसभर भाजून काढायचे, पण पहाटेच्या सुमारास गोधडी अंगावर ओढावी लागायची. ही गोधडी वाचकांनी लक्षात ठेवावी. पुढे तिचे काम आहे.

नवतपा, २०१८

२००६ मध्ये मातीचे घर पाडून आम्ही स्लॅबचे दोन मजली घर बांधले. कडुनिंब तोडायला मीच सांगितले. मोटारसायकली ठेवायला जागा हवी होती, शिवाय मुळ्या पायात शिरतील असे मिस्त्री म्हणाला होता. अब्बा दोन दिवस माझ्याशी बोलले नाहीत. खालच्या मजल्यावर भाडेकरू ठेवला. चार पैसे येऊ लागले. अम्मीची खोली वर, थेट स्लॅबखाली.

२०१८ चा रमजान १७ मे रोजी सुरू झाला. अम्मी तेव्हा सत्तरीची. रोजा सोडायचा विषय काढला की म्हणायची, "ये मेरा और अल्लाह का मामला है." नवतप्यातल्या एका संध्याकाळी, असरच्या नमाजनंतर, तिने मला अब्बांच्या नावाने हाक मारली. अब्बा जाऊन तेव्हा पाच वर्षे झाली होती. मग विचारले, "आज जुम्मा है ना?" मंगळवार होता. अंगाला हात लावला तर चटका बसत होता आणि घामाचा थेंब नव्हता. शेजारच्या काकूंच्या मुलाने रिक्षा काढली. मी ओला दुपट्टा तिच्या मानेवर, काखेत ठेवत दवाखान्यापर्यंत गेलो. डॉक्टर म्हणाले, "तासभर उशीर केला असता तर काही सांगता आले नसते."

दोन दिवस सलाइन लागले. शुद्धीवर आल्यावर तिचा पहिला प्रश्न होता, "मेरा रोजा किसने तोड़ा?" आमच्या मोहल्ल्यातल्या मशिदीचे इमामसाहेब भेटायला आले. त्यांनी तिला शांतपणे समजावले. आजारी माणसाला, प्रवाशाला रोजा न धरण्याची सवलत कुरआननेच दिली आहे. राहिलेले रोजे नंतर भरून काढता येतात, त्याला कजा म्हणतात. ज्याला पुढेही जमणार नाही, त्याने गरिबाला जेवू घालावे, तो फिदिया. सवलत देणाराही तोच आहे, मग ती नाकारून आपण कोणाला खूश करतो? अम्मीने ऐकले. ते रोजे तिने डिसेंबरच्या थंडीत पूर्ण केले.

पण तिने मला विचारलेला दुसरा प्रश्न माझ्या मनातून गेला नाही. "सत्यासी में भी मई था. तब भी यही धूप थी. फिर अब क्या हो गया?"

रात्र कुठे गेली?

तिचे वय वाढले, हे उत्तराचा एक भाग झाला. अकोल्याने ४५ अंश तेव्हाही पाहिले होते, हेही खरे. पण १९८७ ची ती गोधडी आता कोणी ओढत नाही. शरीर दिवसभराचा ताप रात्री उतरवते. माती, झाडे आणि मोकळे अंगण सूर्य मावळला की लवकर निवतात. सिमेंटचा स्लॅब आणि डांबराचा रस्ता दिवसभर ऊन पितात आणि रात्रभर ते परत सोडतात. मध्यरात्री स्लॅबखालच्या खोलीत पंखा गरम हवाच फिरवत असतो. तिथे झोपलेले म्हातारे माणूस दुसऱ्या दिवशी सहरला उठते, ते आदल्या दिवसाचा ताप अंगात घेऊनच. तीन-चार दिवस असे गेले की तरुण माणूसही कोसळतो. त्यात सगळी पृथ्वीच तापते आहे. २०२४ हे जगातले आणि भारतातलेही नोंदीतले सर्वांत उष्ण वर्ष ठरले. मे २०२४ मध्ये आपल्या अकोल्यात पारा ४५ च्या वर गेला आणि प्रशासनाला उन्हापायी कलम १४४ लावावे लागले. एरवी हे कलम आपल्याला दंगलीमुळे माहीत!

नुसता पारा पाहूनही चालत नाही. १६ एप्रिल २०२३ रोजी, रमजानचाच महिना होता, खारघरला पुरस्कार सोहळ्यासाठी जमलेल्या लोकांपैकी चौदा जणांचा उष्माघाताने जीव गेला. तापमान ३८ च्या आसपास होते. अकोलेकर ३८ अंशांना उन्हाळा म्हणतच नाही. पण हवा दमट असली की घाम वाळत नाही, आणि घाम वाळल्याशिवाय शरीर थंड होत नाही. जून २०१५ मध्ये कराचीत रमजानच्या पहिल्या दिवसांतच उष्णतेची लाट आली आणि बाराशेहून अधिक माणसे गेली. २०२४ मध्ये हजच्या काळात मक्केत पारा ५१ च्या वर गेला. १३०० यात्रेकरू मृत्युमुखी पडले. त्यांतले बहुतेक नोंदणीविना आलेले होते, थंड तंबूत त्यांना जागा नव्हती.

या शेवटच्या वाक्यापाशी मी थांबतो. एकच शहर, एकच ऊन, एकच इबादत. ज्यांना सावली मिळाली त्यांतले बहुतेक घरी परतले. उन्हाने माणूस मरतो असे आपण म्हणतो, पण पुष्कळदा तो सावली नसल्याने मरतो. माझ्या घरातली सावली तर मीच तोडली होती आणि गारव्याचा मजला भाड्याने दिला होता.

रोजा आणि मजुरी

मी दुपारी वर्गात पंख्याखाली असतो. दालमिलमधला हमाल, स्लॅब टाकणारा मजूर, कॉटन मार्केटमधला गाडीवाला यांची दुपार वेगळी असते. त्यांत रोजेदारही असतात आणि रोजा नसलेलेही. रोजेदाराने पाणी स्वतःहून सोडलेले असते. पण कामाच्या जागी पाणीच ठेवलेले नसेल, तर बाकीच्यांनाही दिवसभर रोजाच घडतो, आणि त्याला सवलत नसते, त्याचे पुण्यही नसते.

कडक उन्हात जोहरची, म्हणजे दुपारची नमाज ऊन थोडे उतरेपर्यंत लांबवावी, अशी पैगंबरसाहेबांची शिकवण आहे. नमाजची वेळ उन्हासाठी मागे-पुढे होऊ शकते, तर स्लॅब टाकायची का होऊ नये? सकाळी सहा ते अकरा आणि मग चारनंतर, एवढे जरी ठेकेदारांनी मे महिन्यात पाळले तरी कित्येक घरे वाचतील. घर बांधून घेणारे तुम्ही-आम्हीच असतो. ठेकेदाराला हे सांगायला आपल्याला कोणी अडवलेले नाही.

आणखी काही गोष्टी अम्मीच्या आजारपणाने शिकवल्या. डोके दुखणे, मळमळ, पायात गोळे येणे ही पहिली सूचना. माणूस बरळू लागला, अंग तापले, तर तो उष्माघात समजावा. १०८ ला फोन करावा. सावलीत न्यावे, कपडे सैल करावेत, अंगावर पाणी मारून वारा घालावा, मानेला आणि काखेत बर्फ लावावा. बेशुद्ध माणसाच्या तोंडात पाणी घालू नये, ते श्वासनलिकेत जाते. रोजेदाराने इफ्तारपासून सहरपर्यंत थोडे थोडे पाणी पीत राहावे, सहरला एकदम तांब्याभर पिऊन भागत नाही. मधुमेह, मूत्रपिंड किंवा रक्तदाबाच्या गोळ्या चालू असतील तर डॉक्टरांना आधी विचारावे. कूलर लावताना समोरची खिडकी उघडी ठेवावी. बंद खोलीत तो गारव्याऐवजी दमटपणा करतो.

गावपातळीवरही रस्ता आहे. २०१० च्या मे महिन्यात अहमदाबादेत उन्हाने हाहाकार केला. त्यानंतर त्या शहराने २०१३ मध्ये देशातला पहिला उष्णता कृती आराखडा केला. लोकांना आधीच इशारा, दवाखान्यांची तयारी, पाण्याच्या जागा, पुढे गरीब वस्त्यांतल्या छपरांना पांढरा रंग. टिनाच्या छपरावर पांढरा चुना मारला तर आतली खोली दोन ते पाच अंशांनी थंड राहू शकते. एका खोलीच्या छपराचा चुना आणि ब्रश फार महाग नाहीत. रमजानमध्ये आपण सदका काढतो, त्यातला थोडा या कामी लागला तर ते दान दर दुपारी कामी येईल.

पाणी कोणाच्या नावाने

सहाबी साद बिन उबादा यांची आई वारली. तिच्या नावाने कोणते दान करू, असे त्यांनी विचारले तेव्हा पैगंबरसाहेबांनी पाणी सांगितले. सादनी विहीर खोदली. ही गोष्ट मी काकूंना सांगितली, तर त्या म्हणाल्या, "मग आमची अक्षयतृतीया काय वेगळी आहे?" पितरांच्या नावाने पाण्याने भरलेली घागर देतात तो दिवस. गेलेल्यांची तहान जिवंत तहानेल्या माणसामार्फत भागवायची, हे दोन्ही घरांत एकच.  काकूंचा मुलगा आणि मी ठरवले आहे, त्या दिवशी चौकात पाणपोई सुरू करायची. रांजण त्याचे, वरचे छप्पर माझे. रोज सकाळी रांजण धुऊन भरायची पाळीही वाटून घेतली आहे, कारण उद्घाटनानंतर आठ दिवसांत कोरड्या पडलेल्या पाणपोया आपण सगळ्यांनी पाहिल्या आहेत.

अम्मी आता खालच्या मजल्यावर राहते. भाडेकरूने दुसरी जागा पाहिली. २०१९ च्या पावसाळ्यात घरासमोर कडुनिंबाचे रोप लावले, ते आता वरच्या खिडकीला लागले आहे. वजूचे पाणी बादलीत धरून माझी मुलगी त्याला घालते. ती बारा वर्षांची आहे. मे महिन्यातला रमजान परत येईल तेव्हा मी सत्तरीत असेन, अम्मी तेव्हा होती तेवढाच. कदाचित मीही तिच्याशी रोजावरून हट्ट करीन. ती मला रागवेल आणि झाडाखाली खाट टाकून देईल. त्यासाठी ते झाड पंचवीस वर्षे उभे राहायला हवे. समोरचा रस्ता रुंद होणार आहे, असे परवाच कानावर आले. आराखडा पाहायला या आठवड्यात महापालिकेत जाणार आहे.