गाडीचा मूळ रंग कुठे असतो?

(कुर्ला येथील जाहीर व्याख्यानाचे शब्दांकन. बोलण्याची ढब शक्यतो तशीच ठेवली आहे.)



तत्त्वज्ञानाचा मास्तर गाडीच्या रंगावर बोलणार, हे कळल्यावर आमच्या शेजाऱ्यांनी विचारलं, "सर, निवृत्तीनंतर गॅरेज टाकलंत की काय?" (हशा) टाकलं नाही. पण गेल्या वर्षी बरेच दिवस मी एका गॅरेजमध्ये स्टुलावर बसून काढले. वर्गात चाळीस वर्षं जो प्रश्न शिकवला, तो तिथे पत्र्यावर उभा राहिलेला पाहिला.

प्रसंग घरचा आहे. माझ्या थोरल्या भावाची प्रीमियर पद्मिनी. भाऊ गेला, गाडी इमारतीच्या आवारात ताडपत्रीखाली पडून राहिली. पुतण्याच्या मनात आलं की ती पुन्हा उभी करायची, अगदी मूळ रंगात. "काका, मूळ रंग म्हणजे मूळ रंग," तो म्हणाला. मी म्हटलं, ठीक आहे. मला तेव्हा वाटलं होतं की हे वाक्य सोपं आहे.

कुर्ल्यात बसून पद्मिनीची ओळख करून द्यायची गरज नाही, तरी दोन ओळी सांगतो. वालचंद हिराचंद यांनी १९४४ साली प्रीमियर ऑटोमोबाईल्स ही कंपनी काढली, तिचा कारखाना आपल्या कुर्ल्यात. १९६४ पासून इथे फियाट ११०० डिलाइट बनू लागली आणि १९७४ पासून तीच गाडी पद्मिनी नावाने ओळखली गेली. मुंबईच्या टॅक्सीचा चेहरा तो हाच. ऑक्टोबर २०२३ च्या अखेरीस शेवटच्या पद्मिनी टॅक्सीची वयोमर्यादा संपली. त्या टॅक्सीचा रंग विचारला तर लहान मूलही सांगेल, काळी-पिवळी. दोन शब्दांत काम झालं. आमच्या गाडीचं तसं नव्हतं. तिचा रंग होता मेटॅलिक, चंदेरी झाक असलेला निळा.

आता साधा रंग आणि मेटॅलिक यांत फरक काय? साध्या रंगात रंगद्रव्याचे बारीक कण असतात, ते प्रकाश सगळीकडे विखुरतात. म्हणून समोरून पाहा की बाजूने, पिवळा तो पिवळाच. मेटॅलिकमध्ये त्या जोडीला अ‍ॅल्युमिनियमचे पापुद्रे असतात. एक पापुद्रा साधारण दहा-वीस मायक्रॉन रुंद आणि जाडीला एका मायक्रॉनच्याही आत. मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग; आपला केस अंदाजे सत्तर मायक्रॉन जाड असतो, यावरून कल्पना करा. हे लाखो बारीक आरसे रंगाच्या थरात आडवे पडलेले असतात. प्रकाश परत येतो त्या दिशेला तुम्ही उभे असाल तर रंग उजळ, बाजूला सरकलात तर गडद. घरातल्या बायकांना हे आधीच ठाऊक आहे. धूपछाव साडी अंगावर कशी रंग पालटते? उभा धागा एका रंगाचा, आडवा दुसऱ्या, आणि वळलं की दुसरा वर येतो. कारण वेगळं आहे, पण डोळ्याला येणारा अनुभव त्याच जातीचा.

इथे खरी गंमत सुरू होते. हे आरसे आडवे पडणार की तिरके, हे रंगाच्या डब्यात ठरत नाही, पेंटरच्या हातात ठरतं. थर ओला आणि जाड बसला तर पापुद्र्यांना आत हलायला वेळ मिळतो, ते वेडेवाकडे बसतात आणि समोरून रंग गडद दिसतो. हवेचा दाब जास्त ठेवला, स्प्रे गन लांब धरली, लवकर उडणारं थिनर वापरलं, की थर कोरडा बसतो, पापुद्रे आडवे राहतात, समोरून रंग उजळ आणि कडेने काळपट. मे महिन्यातल्या दुपारी मारलेला हात आणि जानेवारीतल्या सकाळी मारलेला हात, डबा एकच, पण रंग दोन. पावसाळ्याचं तर विचारूच नका. जुन्या लॅकरवर दमट हवेत धुरकट पांढरेपणा चढतो.

आमच्याकडे तेच झालं. पेंटरने यंत्राने शेड मोजून रंग बनवला आणि आधी एक दरवाजा मारला. समोरून बघितलं, सगळे खूश. दोन पावलं मागच्या चाकाकडे सरकलो, तर दरवाजा शेजारच्या पत्र्यापेक्षा काळा! पेंटर बिचारा म्हणाला, "सर, कॉम्प्युटर तर बरोबर सांगतोय." कॉम्प्युटर बरोबरच सांगत होता, एका कोनातून. म्हणूनच मेटॅलिकसाठी जी यंत्रं असतात ती एकाच जागेची नोंद तीन किंवा पाच कोनांतून घेतात.

मग आम्ही शिस्तीने कामाला लागलो. तुमच्यापैकी कुणी जुनी गाडी उभी करत असेल तर हे लिहून घ्या.

पहिलं, नमुना बाहेरून घेऊ नका. टप आणि बॉनेट उन्हाने मेलेले असतात. डिकीच्या चटईखाली, दरवाजाच्या रबराखाली, डॅशबोर्डच्या मागे बघा. आणि घेतलेली जागा आधी हलक्या पॉलिशने साफ करा. पारदर्शक थर नसलेलं जुनं मेटॅलिक असेल तर फडक्यावर राखाडी काळपटपणा येतो, ते अ‍ॅल्युमिनियम असतं, दचकू नका.

दुसरं, कोपऱ्यात रुपयाएवढी जागा बारीक पॉलिशपेपरने पाणी लावून हळूहळू घासा. झाडाच्या खोडासारखी वर्तुळं दिसतात: वरचा रंग, त्याखाली जुना रंग, प्रायमर, शेवटी पत्रा. गाडीचा इतिहास तिथे उघडा पडतो.

तिसरं, गाडीवर रंग मारण्याआधी पत्र्याच्या तुकड्यावर मारा. तीच गन, तोच दाब, तेच थिनर, तेवढेच हात, आणि वरचा क्लिअर कोटसुद्धा, कारण क्लिअरखाली रंग खोल दिसतो. पूर्ण वाळल्याशिवाय तुलना करू नका.

चौथं, तो तुकडा गाडीला लावून समोरून, कडेने, उन्हात, सावलीत आणि ट्यूबलाइटखाली बघा. दोन रंग उन्हात जुळतात आणि दिव्याखाली फारकत घेतात, कारण त्यांतली द्रव्यं वेगळी असतात.

(श्रोत्यांतून प्रश्न: एकच दरवाजा ठोकलेला असेल तर?)

चांगला प्रश्न. तर रंग दरवाजाच्या कडेला तोडू नका. शेजारच्या पत्र्यावर विरळ करत न्या आणि क्लिअर मात्र दोन्हींवर पूर्ण मारा. डोळ्याला सरळ रेषेवरचा फरक लगेच कळतो, हळूहळू होणारा कळत नाही.

आता त्या वर्तुळांकडे येतो. डिकीत घासल्यावर निळ्याखाली काय निघालं? साधा दुधी रंग. गाडी कारखान्यातून दुधी निघाली होती! मग आठवलं, १९८८ साली भावाने हौसेने ती निळी मेटॅलिक करून घेतली होती. पुतण्या हिरमुसला. "काका, म्हणजे मूळ रंग दुधी?" आणि माझा जुना प्रश्न दारात आला.

अन्नंभट्टाच्या तर्कसंग्रहात रूप म्हणजे केवळ डोळ्याने कळणारा गुण, आणि त्याचे सात प्रकार: पांढरा, निळा, पिवळा, तांबडा, हिरवा, कपिश आणि चित्र, म्हणजे चित्रविचित्र. नैयायिकांच्या मते हा गुण वस्तूतच राहतो. घडा लाल, म्हणजे लाली घड्यात. मी हे वर्षानुवर्षं शिकवलं. पण त्या दरवाजासमोर उभं राहिल्यावर कबूल करावं लागलं की मेटॅलिकचा रंग एकट्या वस्तूत सापडत नाही. पापुद्रे वस्तूत आहेत, ते बसवणारा हात होता, ऊन बाहेर आहे आणि बघणारा कुठेतरी उभा आहे. चौघं मिळून रंग होतो. नैयायिक यावर म्हणतील, प्रकाश हे फक्त बघण्याचं साधन. त्यांचं म्हणणं मी मोडीत काढत नाही, पण पेंटरचं काम त्याने भागत नाही.

वाद वहिनींनी मिटवला. म्हणाल्या, "भाऊजी, कारखान्यातली गाडी मी पाहिलेली नाही. ह्यांची गाडी निळी होती." ठरलं, निळी. रबराखालचा न विटलेला नमुना घेतला, तुकडा बनवला, सगळ्या कोनांतून जुळवला, गॅरेजमध्ये वहिनींना दाखवला. त्यांनी मान हलवली. "हा नाही. ह्यांची उजळ होती."

आम्ही गप्प. स्मरणशक्ती दगा देते, असं म्हणणं सोपं होतं. पण मी विचारलं, "वहिनी, तुम्ही गाडी कुठून बघायचात?" त्या म्हणाल्या, "गॅलरीतून. संध्याकाळी ते यायचे तेव्हा." तिसरा मजला, पश्चिमेचं ऊन, खाली टप आणि बॉनेट. आम्ही तोच तुकडा घरी नेला, संध्याकाळी आवारात जमिनीवर ठेवला. वहिनी गॅलरीत आल्या. थोडा वेळ काही बोलल्या नाहीत. मग म्हणाल्या, "हाच."

रंगात एक थेंबही बदलला नव्हता, मंडळी.

गाडी त्या रंगात पूर्ण झाली. डिकीच्या चटईखाली हाताच्या पंजाएवढी जागा मात्र आम्ही तशीच ठेवली आहे, दुधी, निळा, प्रायमर, सगळी वर्तुळं दिसतील अशी. शिवाय एका वहीत कोणता रंग, कोणतं थिनर, किती हात, हे लिहून ठेवलं. तुम्हीही ठेवा. मूळ काय, हे आपण आपल्यापुरतं ठरवतो. पुढच्या माणसाला ते पुन्हा ठरवता आलं पाहिजे.

म्हणून कुणी मूळ रंग जुळवायचा म्हणाला, की पेंटरकडे जाण्याआधी त्याला दोन प्रश्न विचारा. कोणत्या दिवशीचा? आणि कुठून पाहिलेला?