नव्या घरात सापाची पेटी

घर बदलताना पाळीव सापाच्या पेटीची जागा सगळ्यांत आधी ठरवावी लागते. पलंग, कपाट, सोफा हे सगळे तिच्यानंतर. साप स्वतःच्या अंगात ऊब तयार करू शकत नाही. त्याला जी ऊब मिळते ती पेटी देते, आणि पेटीला ती तिच्या जागेमुळे देता येते किंवा येत नाही. शिवाय चार फुटी पेटी एकदा भरून चालू केली की ती पुन्हा हलवणे म्हणजे सगळे मुळापासून मांडणे.

ब्रिटनमध्ये हे काम पुष्कळ घरांत होते. तिथे कॉर्न स्नेक आणि रॉयल पायथन या दोन बिनविषारी जाती सर्रास पाळल्या जातात. कॉर्न स्नेक अमेरिकेच्या आग्नेय भागातला, आपल्या धामणीसारखा उंदरांवर जगणारा, सडपातळ, सव्वा ते दीड मीटर लांबीचा. रॉयल पायथन पश्चिम आणि मध्य आफ्रिकेतला, अजगराच्याच कुळातला. पण बहुधा सव्वा मीटरच्या आसपास थांबणारा आणि अंगाने जाडजूड. घाबरला की डोके मधोमध लपवून अंगाचा चेंडू करतो, म्हणून त्याला बॉल पायथनही म्हणतात. हे प्राणी चांगले दीर्घायुषी असतात. अमेरिकेतल्या सेंट लुईस प्राणिसंग्रहालयात 1961 पासून असलेल्या एका मादीने 2020 मध्ये अंडी घातली, तेव्हा तिचे वय साठीपलीकडचे होते. वीस-तीस वर्षे जगणाऱ्या सापाच्या वाट्याला मालकाबरोबर एखादे तरी स्थलांतर येतेच.

कायद्याची बाजू थोडक्यात अशी. नाग किंवा घोणस यांच्यासारखे विषारी साप ठेवायला ब्रिटनमध्ये 1976 च्या डेंजरस वाइल्ड ॲनिमल्स ॲक्टखाली स्थानिक कौन्सिलचा परवाना लागतो. वरच्या दोन जातींना तो लागत नाही. मात्र इंग्लंड आणि वेल्समध्ये 2006 च्या ॲनिमल वेल्फेअर ॲक्टनुसार पाळलेल्या प्राण्याला योग्य निवारा देणे हे पाळणाऱ्याचे कायदेशीर कर्तव्य आहे, आणि त्यात सापही येतो. भाड्याच्या घरात घरमालकाची परवानगी लेखी घेतलेली बरी. महाराष्ट्रातल्या वाचकाने एवढे लक्षात ठेवावे, की भारतातले साप घरात पाळणे 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने गुन्हा आहे. रॉयल पायथनसारखा वन्यजीवांच्या व्यापारावरच्या साइटिस कराराच्या यादीतला परदेशी साप बाळगणाऱ्याला 2024 च्या नियमांप्रमाणे सरकारच्या परिवेश पोर्टलवर त्याची नोंद करावी लागते.

आता जागा. खोली निवडताना पहिला शत्रू खिडकी. दक्षिणेकडच्या खिडकीतून आलेले ऊन काचेवर पडले की बंद पेटीची भट्टी होते, आणि सापाला पळायला वाव नसतो. ब्रिटनमधले ऊन मवाळ असते, ही समजूत जुनी झाली. 19 जुलै 2022 ला लिंकनशरमधल्या कॉनिंग्जबी इथे 40.3 अंशांची नोंद झाली. नव्या बांधणीची घरे ऊब धरून ठेवण्यासाठी बांधलेली, त्यांत बहुधा एसी नसतो, आणि वरच्या मजल्यावरची झोपायची खोली उन्हाळ्यात सर्वांत जास्त तापते. दुसरा शत्रू रेडिएटर. तो टायमरवर चालतो, सकाळी-संध्याकाळी तापतो, मधल्या वेळात थंड पडतो. त्याला लागून पेटी ठेवली तर पेटीचे तापमान राखणाऱ्या थर्मोस्टॅटचे गणित दिवसातून दोनदा बिघडते. बाहेरच्या दाराजवळचा गार झोतही टाळावा. राहिला हादरा. साप जमिनीतली कंपने जबड्याच्या हाडांवाटे टिपतो, त्यामुळे वॉशिंग मशीन, मोठा स्पीकर किंवा सतत आपटणारे दार शेजारी असेल तर तो दडून बसतो आणि अन्न सोडतो. सगळे टाळून उरते ती खोलीची आतली भिंत, जिथे माणसांची ये-जा बेताची असते.

वजनाचा हिशेब कागदावर मांडावा. 120 सेंटिमीटर लांब, 60 रुंद आणि 60 उंच ही प्रौढ रॉयल पायथनसाठी आज सर्रास सांगितली जाणारी पेटी. पंधरा मिलिमीटरच्या लॅमिनेट फळ्यांची असेल तर फळ्याच तीस किलोंच्या घरात जातात. समोरच्या चार मिलिमीटर काचांचे सात किलो. तळाचा थर, फांद्या, दगड, पाण्याचे भांडे धरून एक पेटी साठ-सत्तर किलोंवर पोचते. ब्रिटिश घरांच्या वरच्या मजल्याची जमीन बहुधा लाकडी वाशांवर असते आणि घरगुती जमिनीसाठी धरलेला भार चौरस मीटरला सुमारे दीडशे किलोंचा असतो. एका पेटीची चिंता नसते. एकावर एक तीन पेट्यांची उतरंड मात्र भिंतीलगत, वाशांना आडवी आणि शक्यतो तळमजल्यावर लावावी. नव्या घरांतल्या आतल्या भिंती पुष्कळदा प्लास्टरबोर्डच्या, आतून पोकळ. त्यामुळे उतरंड उलटू नये म्हणून मारायचा ब्रॅकेट बोर्डावर मारून चालत नाही, त्यामागचे लाकूड शोधून त्यातच स्क्रू गेला पाहिजे.

पेटी नेताना काचा काढून, पुठ्ठ्यात गुंडाळून वेगळ्या न्याव्यात. आतल्या दारांची नेहमीची रुंदी 762 मिलिमीटर, म्हणजे साठ सेंटिमीटर रुंदीची पेटी दारातून निघते, पण वळणाच्या जिन्यात अडकते. तिथे ती सुटी करून नेण्यावाचून इलाज नाही. नव्या जागी जोडल्यावर आतल्या सगळ्या सांध्यांवर मत्स्यपेटीसाठी मिळणाऱ्या सिलिकॉनची बारीक रेघ ओढतात, म्हणजे सांडलेले पाणी फळीच्या कडेतून आत शिरत नाही. एकदा लॅमिनेटखालची भुसाफळी फुगली की पेटी गेलीच. सिलिकॉन वाळायला दिवस-दोन दिवस द्यावे लागतात. खोलीला ताजा रंग दिला असेल तर वास पूर्ण जाईपर्यंत साप त्या खोलीत आणू नये. बहुतेक सापांचे काम उजव्या एकाच फुप्फुसावर चालते, आणि बंद पेटीत शिरलेली वाफ तिथेच कोंडून राहते.

विजेचे काम दिसायला छोटे, पण सगळा धोका त्यातच. ब्रिटिश प्लगमध्ये स्वतःचा फ्यूज असतो. शंभर वॉटच्या हीटरला अर्धा अँपिअरही लागत नाही. प्लगमध्ये 13 चा फ्यूज असेल तर काढून 3 चा घालावा. वायर सॉकेटकडे जाताना आधी थोडी खाली लोंबती ठेवावी. पाणी ओघळले तर ते त्या झोळातून जमिनीवर पडते, सॉकेटमध्ये जात नाही.

ऊब सर्व पेटीला सारखी द्यायची नसते. एक टोक उबदार, दुसरे थंड, आणि साप हवा तेव्हा इकडून तिकडे जाणार, हेच त्याचे तापमान सांभाळण्याचे साधन. रॉयल पायथनला उबेच्या टोकाला 30 ते 32 अंश आणि थंड टोकाला 25 च्या आसपास लागतात. कॉर्न स्नेकला दोन्हीकडे दोन-तीन अंश कमी चालतात. साठ सेंटिमीटर उंचीच्या पेटीत नुसती हीट मॅट पुरत नाही, कारण ती हवा तापवत नाही आणि ब्रिटनच्या हिवाळी रात्री घर 15-16 अंशांवर उतरते. म्हणून छताला सिरॅमिक हीटर लावतात आणि त्यावर जाळीचा पिंजरा स्क्रूने पक्का करतात. हा पिंजरा ऐच्छिक नाही. साप उबेकडे ओढला जातो, हीटरला वेटोळे घालतो, आणि कातडी भाजत असतानाही वेळेत बाजूला होत नाही. पोटाखालच्या खवल्यांवरचे असे चट्टे भरायला कित्येक महिने आणि अनेक कात जाव्या लागतात.

सगळ्या साहित्यात थर्मोस्टॅट सर्वांत महत्त्वाचा. पैसे वाचवायचेच तर फांद्यांवर आणि सजावटीवर वाचवावेत. सिरॅमिक हीटरला पल्स पद्धतीचा थर्मोस्टॅट लागतो आणि प्रकाश देणाऱ्या बल्बला डिमर पद्धतीचा. थर्मोस्टॅटची पातळ वायर आणि तिच्या टोकाचा बोटाच्या पेराएवढा प्रोब क्लिपने उबदार टोकाला बसवतात. साप रात्री पेटीभर हिंडतो, कडेकडेने अंग घासतो, आणि सैल क्लिप त्याच्या एका ढुशीने निघते. प्रोब घसरून थंड टोकाला किंवा पाण्याच्या भांड्यात पडला, तर थर्मोस्टॅटला वाटते पेटी गार आहे, आणि तो हीटर अखंड चालू ठेवतो. सकाळी उघडावे तर आत चाळीस अंश. म्हणून क्लिप दोन लावाव्यात, आणि थर्मोस्टॅटच्या आकड्यावर न विसंबता दोन्ही टोकांना स्वतंत्र थर्मामीटर ठेवावेत.

यानंतर फटी. पुढच्या दोन सरकत्या काचा जिथे एकमेकींवर येतात, तिथे दोहोंमध्ये काही मिलिमीटरची उभी फट राहते. प्रौढ रॉयल पायथनला तिचा उपयोग नाही. कॉर्न स्नेकचे पिल्लू मात्र पेन्सिलीएवढे असते. ते आधी नाक घालते, मग डोके चपटे करून दाबते, आणि डोके गेले की उरलेले अंग विनासायास मागोमाग जाते. त्या फटीत काचेच्या उंचीची पारदर्शक पट्टी बसवतात आणि काचांना कुलूप किंवा पाचर लावतात. सापाला काच सरकवायला कुलूप नाही एवढे कारण पुरते. मागच्या फळीतल्या वायरीच्या भोकात बोटाचे टोक जात असेल, तर भोवती स्पंज किंवा सिलिकॉन भरावे. नव्या घरात याची निकड जास्त, कारण निसटलेल्या सापाला जमिनीच्या फळ्यांखाली, स्वयंपाकाच्या ओट्यामागे किंवा पाइपांभोवतीच्या पोकळीत जायच्या वाटा अजून कुणालाच ठाऊक नसतात.

आतली मांडणी करताना जुन्या समजुतीपेक्षा नवे संशोधन मनावर घ्यावे. सापाला छोटी जागाच सुरक्षित वाटते, असे पूर्वी सांगत आणि खणांच्या रॅकमध्ये साप ठेवत. ‘जर्नल ऑफ व्हेटरनरी बिहेवियर’मध्ये 2019 साली आलेल्या एका लेखाने सापाला अंग पूर्ण ताणता येईल एवढी जागा हवी असा निष्कर्ष काढला. त्यानंतरच्या अभ्यासांतही मोठ्या, सजवलेल्या पेटीतले साप अधिक हालचाल करताना आढळले. जुन्या समजुतीतला खरा भाग दडणीचा आहे. रॉयल पायथन मुळात उंदरांच्या बिळांत आणि वाळवीच्या वारुळांत राहणारा, त्यामुळे अंगाला चारी बाजूंनी टेकेल अशी घट्ट दडण त्याला लागतेच. ती उबेच्या टोकाला एक आणि थंड टोकाला एक असावी. एकच ठेवली तर सापाला सुरक्षितता आणि योग्य तापमान यांतून एक निवडावे लागते.

मांडून झालेली पेटी दोन दिवस रिकामी चालवावी. दिवसा, रात्री, खिडकी उघडी आणि बंद असताना आकडे टिपावेत. आकडे स्थिर झाल्याखेरीज साप आत जात नाही. तो येईपर्यंतची त्याची सोय अशी: निघण्याआधी आठवडाभर अन्न बंद, कारण पोटात उंदीर असताना हादरे बसले तर तो ओकतो. मग सुती उशीची खोळ उलटी करून, म्हणजे शिवणीचे दोरे बाहेर ठेवून, त्यात साप घालतात. तोंडाला गाठ मारतात आणि खोळ भोके पाडलेल्या थर्माकोलच्या डब्यात ठेवतात. डबा गाडीत माणसांबरोबर, डिकीत कधीच नाही. जुन्या पेटीतल्या दडणी न धुता तशाच आणाव्यात आणि तळाच्या थराची एक ओंजळ नव्या थरात मिसळावी. साप जिभेने वास टिपतो. अनोळखी खोलीत तेवढीच त्याची ओळखीची खूण.

पहिला आठवडा त्याला हात लावू नये. पाणी बदलावे, आकडे पाहावेत, काचेवर कापड टाकून ठेवावे. आठवड्यानंतर पहिला उंदीर द्यावा, नेहमीपेक्षा एक आकार लहान. कॉर्न स्नेक बहुधा लगेच घेतो. रॉयल पायथन कित्येक आठवडे नाकारू शकतो, आणि तब्येत चांगली असेल तर त्यात भिण्यासारखे काही नसते. दर आठवड्याला स्वयंपाकघरातल्या काट्यावर त्याचे वजन करून लिहून ठेवावे. ते मूळ वजनाच्या दहा टक्क्यांहून अधिक घटले तर सरपटणाऱ्या प्राण्यांवर उपचार करणारा पशुवैद्य गाठावा. असे डॉक्टर प्रत्येक गावात नसतात, म्हणून नव्या गावातला नाव-पत्ता सामान बांधायला घेण्याआधीच शोधून ठेवावा.