नळ्यांचा एक्स-रे : घाबरू नका, तयारीने जा

लग्नाला दोन-तीन वर्षे झाली आणि घरात पाळणा हलला नाही, की सुनेला दवाखान्यात नेले जाते. काही तपासण्या होतात आणि एक दिवस डॉक्टर चिठ्ठीवर लिहून देतात : एचएसजी. घरी येताच शेजारची कुणीतरी सांगते, "लई दुखतं बाई त्यात." मग ती चिठ्ठी कपाटात जाते. पाळीमागून पाळी जाते, बोलणी ऐकावी लागतात, पण अडचण नेमकी कुठे आहे ते काही कळत नाही.

भगिनींनो, या तपासणीत त्रास होत नाही, असे आम्ही सांगणार नाही. बहुतेकींना थोडा होतो, काहींना जास्त होतो. पण तो काही मिनिटांचा असतो आणि आधी तयारी केली तर बराच कमी करता येतो.

तपासणी कशासाठी?

गर्भपिशवीच्या दोन्ही बाजूंना एकेक बारीक नळी असते. स्त्रीबीज आणि पुरुषबीज यांची गाठ याच नळीत पडते. नळी बंद असेल तर गर्भ राहणे अवघड होते. साध्या सोनोग्राफीत या नळ्या मोकळ्या आहेत की नाहीत, हे नीट दिसत नाही. म्हणून पिशवीच्या तोंडातून एक औषध आत सोडतात आणि एक्स-रे काढतात. औषध नळ्यांतून पुढे पोटात उतरले, तर वाट मोकळी आहे. पिशवीचा आतला आकारही यात दिसतो. एक्स-रेच्या किरणांचे प्रमाण कमी असते, त्याची भीती नको.

आधी नवऱ्याची तपासणी

मूल न होणाऱ्या जोडप्यांपैकी सुमारे निम्म्या जोडप्यांत पुरुषातही दोष आढळतो. वीर्यतपासणीत सुई नाही, दुखणे नाही आणि खर्चही कमी. त्याआधी 2 ते 7 दिवस संबंध टाळायचे, एवढेच पथ्य. ती न करता बाईला एकटीला टेबलावर झोपवणे न्यायाचे नाही आणि शहाणपणाचेही नाही. डॉक्टरांना सरळ विचारा, "यांची तपासणी झाली का?"

दिवस कसा मोजायचा?

रक्तस्राव थांबल्यावर आणि बीज फुटण्याआधी ही तपासणी करतात. साधारण सातव्या ते दहाव्या दिवसाच्या आत. पाळी सुरू झाली तो पहिला दिवस. म्हणजे 3 तारखेला पाळी आली, तर 9 ते 12 तारखेच्या दरम्यान. पाळी आली त्याच दिवशी दवाखान्यात कळवून तारीख घ्या. पाळी आल्यापासून तपासणी होईपर्यंत संबंध ठेवू नयेत. पोटात गर्भ असेल तर ही तपासणी करता येत नाही. पाळी अनियमित असेल तर आधी लघवीची तपासणी करून खात्री करतात.

डॉक्टरांना हे आधी सांगा

• अंगावरून वास येणारे पांढरे जाते, ताप आहे किंवा ओटीपोट दुखते. आत जंतुसंसर्ग असेल तर आधी त्याचा उपचार होतो, तपासणी नंतर.
• स्वतःला किंवा घरात कुणाला टीबी झाला होता. टीबी फक्त छातीचाच नसतो. गर्भपिशवीचा आणि नळ्यांचाही असतो, त्यात खोकला नसतो आणि नळ्या गुपचूप बंद होतात. सरकारी दवाखान्यात त्याचे औषध मोफत मिळते. म्हणून ही गोष्ट लपवू नका.
• दमा आहे, आयोडीनची किंवा पूर्वी दिलेल्या एखाद्या औषधाची ॲलर्जी आहे.
• मधुमेह, थायरॉइड, किडनीचा आजार किंवा ॲसिडिटी आहे आणि त्याच्या गोळ्या चालू आहेत. स्वतःच्या मनाने गोळी बंद करू नका.

त्या दिवशीची तयारी

वेदनाशामक गोळी कोणती आणि कधी घ्यायची, हे तारीख घेतानाच विचारा. साधारण अर्धा ते एक तास आधी घेतात. टेबलावर गेल्यावर आठवण झाली तर तिचा उपयोग नाही. काही डॉक्टर जंतुसंसर्ग होऊ नये म्हणून वेगळी गोळीही देतात. भूल द्यायची नसेल तर सहसा उपाशी राहावे लागत नाही. दोन घास खाऊन जा. तरीही दवाखान्यात एकदा विचारून घ्या.

पोटाच्या सोनोग्राफीला पाणी पिऊन लघवी धरून ठेवावी लागते. इथे उलटे आहे : लघवी करूनच आत जायचे. सैल कपडे घाला, कमरेला धातूचे काही असेल तर काढून ठेवा, सोबत दोन पॅड आणि सगळे जुने केसपेपर घ्या. एकटीने जाऊ नका. परतताना चक्कर आल्यासारखे वाटू शकते. त्या दिवशी कामावर सुट्टी सांगून ठेवा.

आत काय होते?

एक्स-रेच्या टेबलावर गुडघे दुमडून उताणे झोपवतात. आतून तपासताना वापरतात तेच साधन लावून पिशवीचे तोंड दिसेल असे करतात आणि जागा औषधाने पुसतात. ते गार लागते. मग बारीक नळी घालून औषध हळूहळू सोडतात. याच वेळी पाळीसारखी कळ येते. ही कळ बहुधा काही मिनिटांत ओसरते. सगळे मिळून पंधरा-वीस मिनिटांचे काम असते.

अंग आवळून धरले की जास्त दुखते. कंबर आणि मांड्या सैल सोडा, तोंडाने लांब श्वास सोडत राहा. सहन होत नसेल तर मोठ्याने सांगा, "डॉक्टर, थांबा." सांगण्यात लाज कसली? औषध सावकाश सोडले तर त्रास कमी होतो. पूर्वीच्या तपासणीत फार त्रास झाला असेल, तर भूल देता येईल का हे आधीच विचारा.

तुमचा हक्क

डॉक्टर पुरुष असतील तर तपासणीच्या वेळी खोलीत स्त्री कर्मचारी असलीच पाहिजे. पडदा हवा. काय करणार आहेत हे तुम्हाला कळेल अशा भाषेत सांगून मगच संमतिपत्रावर सही घ्यायला हवी. महाराष्ट्रात 2021 च्या नियमांनुसार खासगी रुग्णालयांनी रुग्णहक्कांची सनद आणि दरपत्रक दिसेल असे लावायचे आहे. राज्याच्या सार्वजनिक आरोग्य विभागाच्या रुग्णालयांत 15 ऑगस्ट 2023 पासून तपासणी आणि उपचार मोफत आहेत. मात्र ही तपासणी प्रत्येक ठिकाणी होत नाही, आधी चौकशी करून जा.

घरी आल्यावर

एक-दोन दिवस थोडे रक्त किंवा चिकट पाणी जाते, ओटीपोट जरा दुखते. पॅड वापरा, विश्रांती घ्या, एक-दोन दिवस संबंध टाळा. त्या दिवशी धुणे-पाणी घरातल्या इतरांनी करावे.

पण ताप आला, थंडी वाजली, वास येणारा स्राव सुरू झाला, पाळीपेक्षा जास्त रक्त गेले किंवा दुखणे कमी व्हायच्या ऐवजी वाढत गेले, तर सकाळची वाट पाहू नका. लगेच दवाखान्यात जा. अंगावर पुरळ आले किंवा श्वास लागला तरीही तसेच.

रिपोर्ट हाती आल्यावर

फिल्म आणि रिपोर्ट दोन्ही मागून घ्या आणि जपून ठेवा. "नळी बंद" असे लिहिले असले तरी तो शेवटचा निकाल नव्हे. भीतीने किंवा कळेने नळीचे तोंड आवळले गेले तरी फोटोत ती बंद दिसू शकते. गरज पडल्यास डॉक्टर दुर्बिणीने खात्री करतात. एक नळी मोकळी असेल तरी गर्भ राहू शकतो. दोन्ही बंद असल्या तरी उपचाराचे मार्ग असतात.

रिपोर्ट ऐकायला नवरा-बायको दोघांनी मिळून जावे. सासूबाईही सोबत असल्या तर उत्तम, म्हणजे डॉक्टरांचे बोलणे घरात सगळ्यांना एकसारखे कळेल. नळीतला अडथळा हा आजार आहे, बाईचा गुन्हा नव्हे. त्यासाठी कुणा बाबाच्या दारात पैसा आणि वय घालवू नका. कपाटातली चिठ्ठी बाहेर काढा आणि पुढच्या पाळीच्या पहिल्या दिवशी दवाखान्यात कळवा.